साडेपाच

८ तारीख, गुरुवार

काय झालं, ते क्रमाने.

१. शुक्रवारी, २ तारखेला, सकाळी दहा चाळीसला मी कामाच्या टेबलाशी होते. टेबलावर एका बॉयलरचं गेज होतं.

२. काटा दिसत होता, आकडाही दिसत होता, पण तो वाचता येईना. साधारण एक मिनिट.

३. मग मी पडले. पडल्याचं मला आठवत नाही. शेजारच्या टेबलावरचा सहकारी सांगतो की हातपाय दोन मिनिटं झटके देत होते.

४. शनिवारी स्कॅन. डाव्या बाजूला, कानाच्या वर गाठ. सर्जन म्हणाले, लिंबाएवढी. मी विचारलं, किती मिलिमीटर. एकतीस.

५. मंगळवारी, ६ तारखेला ऑपरेशन. पाच तास वीस मिनिटं.

६. गाठ पूर्ण निघाली. साधी असावी असं सर्जनना वाटतं. तपासणीचा कागद यायचा आहे.

७. आज सकाळी अतिदक्षता विभागातून वॉर्डात आणलं. खिडकीजवळची खाट.

८. आकडे वाचता येतात. सतरा गुणिले तेवीस, तीनशे एक्क्याण्णव. दोनदा करून पाहिलं.

कामावर एखादं यंत्र बिघडलं की आम्ही आधी असा कागद भरतो. मत नाही, कारण नाही, फक्त क्रम. कारण नंतर शोधायचं. ही वही आईची आहे. ती शिवणकाम करते. गिऱ्हाइकांच्या मापांची पहिली चार पानं फाडून बाकीची मला दिली.

माझं काम दाबाची गेज तपासण्याचं. कारखान्यातून आलेलं गेज आमच्या खात्रीच्या गेजशेजारी जोडायचं, दाब वाढवत न्यायचा, कुठे किती चुकतंय ते लिहायचं, चिठ्ठी चिकटवायची. त्याला डोकं स्वच्छ लागतं. ते मला परत मिळणार की नाही, एवढा एकच प्रश्न आत्ता आहे. म्हणून गुंगी आणणारं काहीही मागायचं नाही, असं ठरवलं आहे.

दुपारच्या सिस्टर तक्ता घेऊन आल्या.

"शून्य म्हणजे दुखतच नाही. दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. किती?"

"साडेपाच."

"अगं, रकाना एवढासा आहे. अर्धं कुठे लिहू?"

"मग पाच."

पाच का, तेही लिहून ठेवते. गेज निवडताना रोजचा दाब पट्टीच्या मध्यावर येईल असंच निवडतात. काटा शेवटच्या आकड्याला टेकला की त्यापुढे काय चाललं आहे ते कळायचं बंद होतं. वाढलं तर वर जागा हवी. मी जागा ठेवली आहे.

पलीकडच्या खाटेवरून आवाज आला, "सिस्टर, माझं अकरा लिहा! आणि तिचं ते उरलेलं अर्धं पण मलाच द्या."

दुखणं: ५.

९ तारीख, शुक्रवार

पलीकडच्या बाईंना सगळा वॉर्ड काकू म्हणतो. केस कापायचं छोटं दुकान आहे त्यांचं, अठ्ठावीस वर्षांचं. माझ्या आदल्या दिवशी, सोमवारी, त्यांचं ऑपरेशन झालं. बाजू तीच, डावी. अर्धं डोकं साफ. "अठ्ठावीस वर्षं लोकांची भादरली, आता माझी पाळी," हे त्या प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. झाडणाऱ्या बाईंना दोनदा सांगून झालं.

सर्जन राउंडला आले, दोघींना एकदमच समजावलं. जोराचं इंजेक्शन दिलं की दुखणं थांबतं, पण झोप येते. आत रक्त साठत असलं तरी झोपच येते. मग कुठली झोप कशाची, ते बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून डोक्याच्या पेशंटना ते हात राखून औषध देतात. साधं औषध सलाइनमधून दर सहा तासांनी, बाकी लागेल तसं. "पण दुखणं चढत गेलं, उलटी झाली, हात जड झाला, शब्द सापडेनासे झाले, तर लगेच सांगायचं. उद्यावर टाकायचं नाही."

"डॉक्टर, डोकं फुटतंय हो माझं," काकू म्हणाल्या.

"काकू, ते आम्हीच फोडलंय."

काकू मोठ्याने हसल्या आणि मग हसल्याबद्दल दोन्ही हातांनी डोकं धरून बसून राहिल्या.

मी हसले नाही. हसलं की कानशिलावरचा कापलेला स्नायू ओढला जातो. तोंड दोन बोटं उघडतं, चमचा तिरका करून आत घालावा लागतो. खोकला आला की डोळ्यांपुढे पांढरं होतं आणि ते ओसरायला चाळीस श्वास लागतात, मोजले. कोपऱ्यातला नळ कुणी सोडला की आवाज दातांत उतरतो. खाटेची वरची बाजू तीस अंशांवर आहे, त्याखाली केली तर डोकं भरत जातं, वर केली तर मान धरते.

तरी पाच बरोबर आहे. अजून ओरडलेले नाही.

दुखणं: ५.

१० तारीख, शनिवार

आई सकाळी आली. येताना घरचा उशीचा अभ्रा घेऊन आली, इथल्याला औषधाचा वास येतो म्हणून.

"किती गं?"

"पाच."

"तुझे पाच मला माहीत आहेत. मोडलेल्या घोट्यावर दोन दिवस शाळेत गेली होतीस. तेव्हाही थोडंसंच दुखत होतं तुला."

"तेव्हा कुणी आकडा विचारला नव्हता."

"वकील झाली असतीस तर बरं झालं असतं," आई म्हणाली आणि माझी मूठ उघडून त्यातली चादर काढून घेतली. मी ती धरली आहे हे माझ्या लक्षात नव्हतं.

माझे उजवीकडचे केस ठेवले आहेत. त्यांत रक्त आणि पिवळं औषध सुकून गुठळ्या झाल्या आहेत. अकराच्या सुमारास काकू सलाइनची दांडी ढकलत आल्या, हातात कंगवा.

"ए साडेपाच, इकडे वळ. मला बघवत नाही ते."

एका हाताने केस मुळाशी घट्ट धरायचे आणि त्याखालची गुंत टोकाकडून सोडवत यायचं, म्हणजे ओढ मुळापर्यंत पोचत नाही. त्यांनी असं सतरा मिनिटं केलं. एकदाही दुखलं नाही. मला कुणी हात लावलेला चालत नाही, पण हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून मीही सांगितलं नाही.

दुपारी तीन ते पाच वाईट गेलं. अभ्र्याचा कोपरा दातांत धरला, दोन बोटांच्या फटीत मावेल तेवढा. सिस्टर आल्या तेव्हा काढला.

"किती? सहा लिहू का?"

"पाच."

डोळ्यांतून पाणी आलं होतं. ते टॉर्चमुळे. दर चार तासांनी डोळ्यांत टॉर्च मारतात.

दुखणं: ५.

११ तारीख, रविवार

काकूंना आकडा सांगता येत नाही. गुरुवारी अकरा, शुक्रवारी दहा, काल सकाळी नऊ आणि दुपारी "शंभर घ्या". पहिल्या दोन दिवशी डॉक्टर येऊन बघून गेले, इंजेक्शन दिलं. काल आले नाहीत. आज दुपारच्या सिस्टर तक्त्यावरून मान वर न करता म्हणाल्या, "काकू, तुमचं काय, रोजचंच आहे."

त्या गेल्यावर काकू हळूच माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "बघ. आता माझ्या दहाला कुणी विचारत नाही. तू आपली पाच म्हणतेस आणि सगळे कसे मान डोलवतात! मला शिकव ना तुझं ते."

मी शिकवलं. जेवणाच्या तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला दहा सेंटिमीटरची रेघ काढली. आईचा टेप होता, त्याने मोजून. कुठलंही गेज आधी ठरलेल्या खुणांवर बसवावं लागतं, तरच मधले आकडे खरे येतात. म्हणून खुणा विचारल्या.

"दहा म्हणजे आजवरचं सगळ्यात जास्त दुखणं. कुठलं?"

"मुलीच्या वेळचं. बत्तीस तास."

"पाच?"

त्यांनी मनगट दाखवलं. "केस कुरळे करायचा चिमटा. तापलेला. खूण आहे बघ अजून."

"एक?"

"कात्रीचं टोक लागतं ते. त्याला काय, रोजचंच."

"आता डोळे मिटा आणि आजचं दुखणं या खुणांमध्ये ठेवा."

त्यांनी खरोखर डोळे मिटले. "बत्तीस तासांइतकं कसं असेल? नाहीच. भाजल्याइतकंही चरचरत नाही. पण खूप आहे गं."

"खूप नाही. आकडा."

"चार?"

"चार."

संध्याकाळी सिस्टरांनी विचारल्यावर काकूंनी उशीखालून कागद काढला, बोट ठेवून बघितलं आणि सांगितलं, "चार." सिस्टर थांबल्या. "अरे वा! काकू, आज कशा शहाण्यासारखं बोललात!" काकूंनी माझ्याकडे बघून भुवई उडवली.

नंतर त्या म्हणाल्या, "पण बत्तीस तासांनी मुलगी मिळाली होती मला. यातून काय मिळणार आहे?"

त्याने आकड्यात फरक पडत नाही, असं मी सांगितलं.

दुखणं: ५.

१२ तारीख, सोमवार

काकू चार, चार, चार. तीनही पाळ्यांत एकच आकडा. कामावर याला चांगलं गेज म्हणतात.

त्यांची मुलगी आली होती. ती गाडी चालवायला शिकवते. काकूंनी तिला कागद दाखवून सगळ्या खुणा समजावल्या. "ते बत्तीस तास आजवर सगळ्यांना सांगत होतीस," मुलगी म्हणाली, "आता तर लेखी झालं." मग माझ्याकडे वळून, "बरं केलंत तुम्ही. आई जरा ताळ्यावर आली."

अभ्र्याच्या कोपऱ्याला बारीक रफू आहे. काल नव्हतं. आईने केलं असावं. कारण माहीत नाही, ती काही बोलली नाही.

तोंड अडीच बोटं. सतरा गुणिले तेवीस बरोबर, एकोणीस गुणिले सत्तेचाळीसला वेळ लागला.

दुखणं: ५. (सकाळी कमी, दुपारी जास्त. सरासरी घेतली.)

१३ तारीख, मंगळवार

काकूंचं तपासणं आता दिवसातून दोनदाच. शुक्रवारी घरी सोडतील असं सर्जन म्हणाले.

आज त्या पुन्हा माझे केस विंचरायला आल्या. कंगवा हातातून पडला. तीनदा. तिसऱ्यांदा माझ्या खाटेखाली गेला, तो उचलायला कुणाला वाकता येईना. "राहू दे ती... ती दातांची," काकू म्हणाल्या. कंगवा हा शब्द यायला साधारण चार सेकंद लागले. दुकान बंद असल्यामुळे हात सुस्तावलाय, असं त्या म्हणाल्या.

चार वाजता कागद काढून बसल्या होत्या.

"चारच आहे गं. पण कालच्या चारपेक्षा मोठे चार."

"मोठे चार म्हणजे पाच."

"पाच म्हणजे भाजलेलं ना? तसं नाही हे. हे आतून दाबतंय."

"भाजल्यापेक्षा कमी?"

"भाजल्यासारखं नाहीच."

"मग चार."

त्यांनी चार सांगितलं.

मी आज अर्धा उकडलेला बटाटा चावून खाल्ला. गिळताना कानात कडकड आवाज येतो.

दुखणं: ५.

१४ तारीख, बुधवार

१. सकाळी सहा. काकूंनी चार सांगितलं. साधं औषध दिलं, आता सलाइनऐवजी गोळीचं.

२. सव्वासात. उलटी. रिकाम्या पोटी गोळी घेतली म्हणून असेल, असं सिस्टर म्हणाल्या. आकडा विचारला. काकूंनी कागद बघितला. पाच.

३. साडेनऊ. नाश्ता परत पाठवला. डोळे मिटून पडून होत्या.

४. सर्जन ऑपरेशनमध्ये होते. राउंड झाला नाही.

५. अकरा दहा. काकूंनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "साडे". पुढचं आलं नाही. मी पुढच्याची वाट पाहिली.

६. अकरा बारा. उजव्या हातातला कागद खाली पडला. हात तसाच राहिला.

७. मी घंटा दाबली.

८. अकरा चौदा. सिस्टर, मग डॉक्टर. टॉर्च मारला. डावी बाहुली मोठी.

९. अकरा पंचवीस. स्कॅनला नेलं. तिथून सरळ ऑपरेशनला.

१०. कागद माझ्याजवळ आहे. झाडणाऱ्या बाई केरात घेत होत्या, मी मागून घेतला.

क्रमांक पाच आणि सातच्या मध्ये दोन मिनिटं आहेत.

दुखणं विचारलं तेव्हा सिस्टरांना मी काही सांगितलं नाही. त्यांनी पाच लिहून घेतलं.

१५ तारीख, गुरुवार

पलीकडच्या खाटेवर नवी चादर. गुणाकार केला नाही.

१६ तारीख, शुक्रवार

काकू अतिदक्षता विभागात आहेत. आत रक्त साठलं होतं, ते काढलं. जिवंत आहेत. उजवा हात आणि पाय हलत नाही. बोलत नाहीत. हे मोठ्या सिस्टरांनी सांगितलं. त्या या वॉर्डाच्या प्रमुख, केस पिकलेले, चालताना एक गुडघा वाजतो.

मी माझा तक्ता बघायला मागितला. असं कुणी मागत नाही. त्यांनी जरा बघितलं माझ्याकडे आणि दिला.

रकान्यांत माझे पाच एका ओळीत. खाली बारीक अक्षरात छापलं आहे: सातच्या खाली नेहमीचं औषध. सात व त्यावर डॉक्टरांना कळवणे, तपासणे.

"हे मला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"माहीत असतं तर सात म्हणाली असतीस?"

विचार केला. "नाही."

"मग? आठ दिवस बघते आहे मी. पाच म्हणतेस आणि ओठ पांढरे. अगं, तो आकडा आम्हाला हाक मारायला असतो. तुझ्या कारखान्यात पाठवायचा नसतो."

मी विचारलं, काकूंच्या उलटीनंतर डॉक्टरांना का बोलावलं नाही. त्यांनी तक्ता परत घेतला, क्लिपमध्ये नीट बसवला.

"बोलवायला हवं होतं. ते आमचं. मी वर लेखी दिलंय." मग म्हणाल्या, "अकरा अकरा करणारी बाई एकदम चारवर आली. सगळ्यांना वाटलं, उतार पडला. मलाही वाटलं."

"त्या चारवर का आल्या, ते..." मी सुरुवात केली.

"काय?"

"काही नाही."

त्यांचा गुडघा पार दरवाज्यापर्यंत ऐकू आला.

१७ तारीख, शनिवार

घरी सोडलं. सामान भरताना आईला माझ्या खाटेखाली काकूंचा कंगवा सापडला. "कुणाचा गं?" तिने विचारलं. मी पिशवीत टाक म्हणाले.

२० तारीख, मंगळवार

जखमेवरच्या टाक्यांच्या पिना काढायला गेले. अठ्ठावीस. प्रत्येकीला टच असा आवाज. काढणाऱ्याने विचारलं, दुखतंय का. मी म्हणाले, "हो." त्याने हात थांबवला, थोडं औषध फवारलं, मग पुढच्या काढल्या. इतकं सोपं होतं ते.

जिन्यापाशी काकूंची मुलगी भेटली. पायरीवर बसून ब्रेड खात होती. उठून माझं डोकं बघितलं, छान भरतंय म्हणाली. काकूंना काल साध्या वॉर्डात आणलंय. डाव्या हाताने पाणी पितात. बोलणं नाही.

"एकच शब्द बोलते. साडे. दिवसभर साडे, साडे. आम्ही सगळं करून बघितलं. साडेसात वाजले म्हणू का, साडेतीनला येऊ म्हणू का. मान हलवते आणि रडते. तुमच्या शेजारी होती आठवडाभर. तुम्हाला काही सुचतंय का, कसलं साडे?"

"नाही," मी म्हणाले. "माहीत नाही."

आई बाहेर रिक्षा थांबवून उभी होती. मी चौदा पायऱ्या एका दमात उतरले. डोकं ठणकत होतं. बरं वाटलं ठणकलं ते.

२२ तारीख, गुरुवार

कागद आला. गाठ साधी होती. पुन्हा व्हायची शक्यता फार कमी. आईने तो दोनदा वाचला, घडी घालून मापांच्या पेटीत ठेवला आणि मशीनवर जाऊन बसली.

पायट्यावरचा पाय हलत नव्हता तिचा.

"अभ्रा तीनदा रफू केला मी," ती माझ्याकडे पाठ करून म्हणाली. "दातांच्या खुणा होत्या. वाट बघत होते, तू कधी सांगशील."

"दुखत होतं."

"किती?"

"नऊ."

तिने सुईत दोरा ओवायला घेतला. ती अंधारातही एका झटक्यात ओवते. आज तीनदा चुकली.

मग मी तिला काकूंच्या कागदाचं सगळं सांगितलं. क्रमाने. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "हे तू मला कशाला सांगतेस? मला सांगून काय उपयोग?"

दुखणं: डोक्याचं ३. खरे तीन.

२५ तारीख, रविवार

पत्र लिहिलं. उद्या आई जाऊन देणार आहे. प्रत इथे उतरवून ठेवते. चार मसुदे झाले. पहिल्या तिन्हींत 'मला माहीत नव्हतं' हे पहिलं वाक्य होतं. ते काढलं.

काकूंच्या मुलीस,

मी वॉर्डात तुमच्या आईंच्या शेजारच्या खाटेवर होते. मंगळवारी जिन्यापाशी तुम्ही विचारलंत, 'साडे' म्हणजे काय. मी माहीत नाही म्हणाले. ते खोटं होतं. पहिल्या दिवशी सिस्टरांनी दुखणं विचारल्यावर मी साडेपाच म्हणाले होते, म्हणून तुमच्या आईंनी माझं नाव साडेपाच ठेवलं. त्या वेळ सांगत नाहीत. त्या मला हाक मारतात.

सोबतचा कागद तुम्ही पाहिला आहे. तो मी अकरा तारखेला काढला. त्यांचं दुखणं बाळंतपणाशी आणि भाजण्याशी ताडून बघायला मी शिकवलं. त्यामुळे त्यांचा आकडा खाली आला आणि खालीच राहिला. सातच्या खाली डॉक्टरांना कळवत नाहीत. दुखणं चढत गेलं तर लगेच सांगा, असं सर्जन म्हणाले ते मी ऐकलं होतं. तेरा तारखेला तुमच्या आई म्हणाल्या की आजचे चार कालच्यापेक्षा मोठे आहेत, आतून दाबतंय. मी त्यांना चारच सांगायला लावलं. त्या दिवशी त्यांच्या हातून कंगवा तीनदा पडला आणि कंगवा हा शब्द त्यांना चटकन आठवला नाही. मी दोन्ही मोजलं आणि कुणालाच सांगितलं नाही. चौदा तारखेला उलटीनंतर त्यांनी कागद बघून पाच सांगितलं, तेव्हा मी सहा फुटांवर जागी होते.

वॉर्डाचं जे चुकलं ते वॉर्डाने सांगावं. हे माझं आहे. याची एक प्रत मोठ्या सिस्टरांना पाठवते आहे.

त्यांचा कंगवा माझ्याकडे आहे. तो द्यायला मला यायचं आहे. त्यांच्या उजव्या बाजूचे केस राहिले असतील तर ते मला विंचरता येतील, मुळाशी धरून, ओढ न लागता. ते मला त्यांनीच दाखवलं. आणि त्यांनी हाक मारली तर ओ द्यायची आहे.

तुम्ही नको म्हणालात तर कंगवा आईबरोबर पाठवीन आणि पुन्हा विचारणार नाही. येऊ की नको, एवढंच मला शनिवारपर्यंत, ३१ तारखेपर्यंत, कळवा.